तबकातल्या तीन अळंब्या

१९ सप्टेंबर, गुरुवार

तिसरीची एकोणीस पोरं आणि अख्खं जंगल! मोजे ओले, कालवा नुसता. आमचं निसर्गमंडळ शाळांना फुकट फिरवून आणतं, म्हणून सगळे खूश. पाय माझे दुखतात. शेवाळात खायच्या नरसाळ्या अळंब्या भरपूर मिळाल्या. नेहमीसारखं टेबल मांडलं. एकेक पिशवी ओतायची, प्रत्येक अळंबी उलटी करून खालची बाजू बघायची, मगच ती घरी जाणार. मध्ये तबक, त्यावर लाल चिठ्ठी, तबकात तीन विषारी, तांबूस. नरसाळ्यांच्या शेजारीच उगवतात मेल्या, म्हणून दाखवायलाच हव्यात.

"खाल्ली तर माणूस लगेच मरतो का गं, राईली?" चिमुरड्या इंकेरीनं विचारलं.

"लगेच काहीच होत नाही, तीच तर मेख! तीन-चार दिवसांनी तहान लागते. नुसतं पाणी, पाणी. मग मूत्रपिंडं जातात."

सगळी तबकापासून दोन पावलं मागे सरकली. पाच मिनिटंच.

घरी येऊन बघते तर माझा खाऊचा डबा नरसाळ्यांनी गच्च! कुणाचा उद्योग कोण जाणे. लबाड कार्टी. लोण्यात परतल्या, राय धान्याच्या पावावर घालून सगळ्या फस्त केल्या.

२० सप्टेंबर, शुक्रवार

पाऊस. अंग मोडून आलंय. दिवसभर लोळले.

२१ सप्टेंबर, शनिवार

तबक रिकामं आहे.

धुवायला काढलं तेव्हा दिसलं. चिठ्ठी आहे, तिन्ही अळंब्या नाहीत. गाडी, टोपली, जाकिटाचे खिसे — कुठेच नाहीत! गुरुवारी बस सुटायची घाई होती. "मी आवरते टेबल, तू बाकीच्यांना बसमध्ये बसव," म्हणाली इंकेरी. तिची पिशवी मी आधीच तपासली होती. नंतर पिशवीत काय गेलं?

नऊ वर्षांची पोर.

फोन उचलला आणि ठेवला. मंडळ बंद पडेल, पुन्हा कुणी पोरं आमच्या हवाली करणार नाही — हे आलं आधी मनात! तासभर बसून राहिले. लिहितानाही लाज वाटते. मग वर्गशिक्षिकेला, पिर्क्कोला फोन केला.

"शनिवारी सांगतेस? आज?" ती किंचाळलीच. बरोबर आहे तिचं.

संध्याकाळपर्यंत अठरा घरं झाली. पिशव्या पुन्हा तपासल्या, तव्यावर गेलेलं आठवून आठवून सांगितलं लोकांनी. तांबूस कुणाकडेच नाही. उरली इंकेरी. आजोबांबरोबर तळ्याकाठच्या लाकडी घरात आहे म्हणे. फोन लागत नाही. कुठलं तळं, कुणालाच ठाऊक नाही. आई जहाजावर कामाला, तीही उचलत नाही.

२२ सप्टेंबर, रविवार, सकाळ

इंकेरीची आई आत्ता फोनवर मिळाली. पत्ता दिला. "माझे बाबा तर रोज अळंब्यांचं सूप करतात," म्हणाली आणि रडायलाच लागली. माझ्या घशाला कोरड पडलीय. भीतीनं जीभ टाळूला चिकटते. निघते.

दुपार

आजोबा, आर्वो, सौनाच्या, वाफेच्या अंघोळीसाठी लाकडं फोडत होते. मी गाडीतूनच ओरडले, "अळंब्या खाल्ल्यात?"

"कुठल्या अळंब्या? अगं बाई, आधी श्वास तर घे!"

तेवढ्यात इंकेरी धक्क्यावरून धावत आली. गाल लाल, चांगली धडधाकट.

"एकही घरी आणली नाही पोरीनं," आजोबा म्हणाले. "सगळ्या तुलाच देऊन आली. मी आपला भांडं घेऊन बसलोय वेड्यासारखा."

"टेबल आवरताना होत्या तेवढ्या सगळ्या गंमत म्हणून तुझ्या डब्यात ओतल्या," इंकेरी लाजत म्हणाली. "तुझा खाऊ तू आम्हालाच वाटलास, दिवसभर काहीच खाल्लं नव्हतंस ना."

तिला पोटाशी धरलं आणि हमसून हमसून रडले. एकाही पोरानं खाल्ल्या नाहीत! एकाही नाही! विहिरीचं गार पाणी प्यायले, तांब्यावर तांबे.

"विहीर आटवशील गं," आजोबा हसले.

पिर्क्कोला कळवलं. तीही रडली.

२३ सप्टेंबर, सोमवार

उठल्यापासून सात ग्लास पाणी झालं. कंबर धरलीय. भीती तर कालच गेली, मग ही तहान कसली?

रुग्णवाहिका बोलावलीय. डब्यातली एकही अळंबी मी उलटी करून बघितली नव्हती.