बिननावाचा चौथा

३ ऑक्टोबर
आले बाई एकदाची बिश्केकला! गाव सुटलं, दुखरे गुडघे तेवढे सोबत आले. नातीचं, नाझिकचं घर चौथ्या मजल्यावर. गरम पाणी भिंतीतून येतं, शेणी जाळायला नकोत. मी पिशवीभर कुरुत, सुक्या दह्याचे खारट गोळे, आणले, तर म्हणते, आजी, इथे दुकानात मिळतात. म्हटलं, दुकानातली गाय ओळखते का तुला? हसून लोळली. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब लिहायला ही वही दिली आहे. नुसत्या आकड्यांनी वही भरत नाही, म्हणून बाकीचंही लिहीन.

५ ऑक्टोबर
पोर बास गिटार वाजवते. नाव नाझिक, म्हणजे नाजूक, आणि बोटं गुराख्याची. गिटारची वायर एका डबीत, डबीची कॉम्प्युटरात, कॉम्प्युटरची भिंतीत. हवेतलं इंटरनेट नको म्हणे, सूर अडखळतो. मग दुपारी ओशहून इल्गिझ ड्रम बडवतो, अल्माटीहून झुल्फिया गाते, आणि तिघं एका खोलीत बसल्यासारखे वाजवतात. पडद्यावर प्रत्येकाच्या नावापुढे आकडा असतो: आवाज किती उशिरा पोचतो तो. लांबच्याचा मोठा, जवळच्याचा लहान. इल्गिझचा चोवीस, झुल्फियाचा एकोणीस.

गिटारच्या तारा काळ्या कठीणच्या, तवे-सुऱ्या घडवतात त्या धातूच्या. आमच्या बोलीतलं त्याचं खरं नाव मी घेत नाही, माझ्या मामंजींचं नाव तेच. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. पहिलं अक्षर ‘ते’, त्यापुढे पन्नास वर्षांत गेले नाही. एकदा नालबंदाकडे तो शब्द टाळायला ‘घोड्याचे बूट’ मागितले होते, तर सगळा बाजार हसला.

८ ऑक्टोबर
आज पडद्यावर चौथा आला. नावाची जागा कोरी, आकडा साठ. इल्गिझ म्हणाला, नाझिकचा कुणी लाजरा नवरदेव असेल. नाझिकनं त्याला शिवी दिली, जरा जास्तच खमंग. चौथा हळू हळू वाजवत राहिला.

९ ऑक्टोबर
आकडा एकतीस. नाझिकनं हेडफोन माझ्या कानाला लावले, कोण ते ओळख म्हणाली. गिटार नव्हे. कोमुझ. आमचं लाकडी वाद्य, तीन तारा, आणि मधल्या तारेवर अंगठा घसरतो ती लकब.

मी काढून टाकले. म्हटलं, मला काय कळतंय यातलं.

१० ऑक्टोबर
कळतं. एका हिवाळ्यात कोळसा संपला, लेकरं निळी पडली, आणि मी मामंजींचा कोमुझ चुलीत घातला. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा घालीन. ते ओरडले नाहीत. नुसती बोटं हलवत बसले, गोधडीवर, मरेपर्यंत.

आकडा नऊ. झुल्फिया म्हणाली, हा तुमच्याच इमारतीत आहे गं.

११ ऑक्टोबर
सकाळी चहाला बसलो. नाझिकची बोटं मेजपोसावर हलत होती. अंगठा घसरत होता. विचारलं तर म्हणाली, काय आजी, मी तर काहीच करत नाही.

बोर्सोक, कणकेचे तुकडे, तळून मामंजींच्या नावानं वास सोडला, गेलेल्यांना तो पोचतो म्हणतात, आणि दुवा मागितली. नावानं म्हणजे — नाव न घेताच. मग पोचलं कुणाला?

१२ ऑक्टोबर
आकडा शून्य.
इल्गिझ आणि झुल्फिया घाबरून निघून गेले. नाझिकला थांबताच येत नाही. बोटं फुटली, तारांवर रक्त. मी वायर उपटली, डबीची, भिंतीतलीही. पडदा काळा. गिटार वाजतंच आहे. पोर रडते आहे आणि वाजवते आहे.

१३ ऑक्टोबर, दुपार
वायर परत लावली. पोर ओरडून सांगते — बिननावाच्याला हाकलायचं तर त्या कोऱ्या चौकटीत त्याचं नाव लिहावं लागतं. तिचे हात मोकळे नाहीत. माझे आहेत.

मी म्हटलं, मामंजी, शिक्षा मला द्या, चूल मी पेटवली होती. तर अंगठा जोरात घसरला. तिचं नख गेलं.

‘काळं कठीण’ लिहून पाहिलं. नावाऐवजी ‘ताराबाबा’ लिहिलं. चौकट गिळते आणि कोरी होते.

खरं नावच लागतं. आधी वहीत लिहून बघते, हात धजला तर तिथे —
पोर आता ओरडत नाही. नुसतं वाजतंय.

माफ करा. लिहिते.

ते