कोरडं लाकूड

४ फेब्रुवारी

सकाळचे फोन झाले. पोराची, सुशीलची कंबर? बरी. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात त्याची रात्रपाळी, झोप होत नाही. सूनबाईचा ताप? उतरला. नातीचा हलणारा दात? पडला एकदाचा! घरात बायको, प्रेमिला— दम कालच्यासारखाच, चार पावलांत थांबते. मी ठणठणीत. फक्त महापालिकेच्या सभेत ओरडून घसा बसला.

ओरडणारच! घाटावर विजेची दाहिनी बसवून ठेवली, पण अजून एकही मयत तिथं गेली नाही. माझ्यामुळं! चौथी शिकलेला हमाल मी, मग त्याच लाकडाच्या टालीचा, म्हणजे वखारीचा मालक, आता नगरसेवक. आमचा पक्ष रीत पाळणारा, अन् मीही. विरोधातल्या शोभाताई म्हणाल्या, "बापूजी, रीत वाचवून राहिले का टाल?"

म्हटलं, "दोन्ही! लपवतो काय?"

९ फेब्रुवारी

जेवता जेवता प्रेमिला म्हणते, "मी गेली की मले मशिनीतच न्या."

"काहून वं? टालवाल्याची बायको तू!"

"म्हणूनच. चांगलं लाकूड गिऱ्हाइकाले, ओल्या ढलप्या माह्या चुलीत. जलमभर धूर गिळला. आता नाही."

"अन् पोरानं अग्नी द्यायचा, त्याचं काय?"

"सुशील काय बनवून राहिला तिकडं? वीजच ना? पोराच्या हातची वीज, पोराचाच अग्नी."

ताट सारून उठलो. म्हटलं, नाही म्हणजे नाही!

१३ फेब्रुवारी

मौदा गावाकडून आंब्याचं लाकूड आलं. खणखणीत वाळलेलं. एक थप्पी बाजूला लावली, विकायची नाही म्हणून सांगितलं. कुणासाठी ते बोललो नाही.

तिनं खिडकीतून पाहिलं. "आता कोरडं आठवलं व्हय?"

१६ फेब्रुवारी

तिला दवाखान्यात ठेवलं. पक्षाचा वॉर्ड अध्यक्ष चंद्रभान संत्री घेऊन आला. "वहिनीचं काही कमीजास्त झालंच, तर लाकूडच हं बापूजी. लोकं पाहून राहिले."

संत्र्यांसकट हाकलला!

२१ फेब्रुवारी

प्रेमिलाला शेवटचं घेऊन गेलो, तर चंद्रभान घाटाच्या फाटकात आडवा. "बापूजी, पक्ष काय म्हणंल?"

"म्हणू दे. बाजूले हो गा."

दाहिनीचं बटण सुशीलनं दाबलं.

माहेरी गेली की पोचल्याचं कार्ड टाकायची ती, न चुकता. प्रेमिला, धूर नाही ना लागला? लवकर कळव.