तांबडीसाठी बोललेला नवस

सोमवार, ३ नोव्हेंबर

सकाळी परसात गेले की आधी सगळ्या कोंबड्यांची चौकशी. काळे, पाय कसा आहे? — नीट टाकते. ठिपके, गळलेली पिसं आली का? — येतायत. शिपाईराव, घसा? — घसा असा, की अख्खं कोपरी गाव उठवलं! आणि तांबडे, तू कशी आहेस गं?

तांबडी आलीच नाही. कोपऱ्यात पिसं फुगवून बसलेली. डोळे मिटलेले. दाणे टाकले, बघितलंसुद्धा नाही. खाली हिरवट पाणी पाणी.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

प्रीतीला फोटो पाठवला. माझी भाची, कल्याणला जनावरांच्या दवाखान्यात असते. लगेच फोन — "मावशी, मानमोडी असू शकते. बाकीच्यांना लागते ती. हिला वेगळी ठेव. दाणापाणी वेगळं, वाटी वेगळी. मान वाकडी करायला लागली तर मला लगेच कळव."

मानमोडी! नावच कसलं. लिहितानाही माझी मान आखडली.

तांबडीला न्हाणीत टोपलीखाली ठेवलं. ही गेली तर काय राहिलं? माजिवड्याच्या माझ्या माहेराच्या जागी आता वीस मजले उभे आहेत. आईने तिच्या हाताने खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली, त्यातली ही शेवटची. पदराखाली धरून रिक्षाने आणलेली.

संध्याकाळी गावदेवीपुढे हात जोडले आणि तोंडातून निघून गेलं — "आई, हिला वाचव, तुला कोंबडा देईन." आमच्यात असंच बोलतात. पोर आजारी असो, कोर्टाचं काम असो — कोंबडा! जीभ सवयीने गेली. देवळाच्या पायरीवर पाय थबकला. कोंबडा म्हणजे कोण? घरात आहे एकच. शिपाई.

बुधवार, ५ नोव्हेंबर

ह्यांना सांगितलं. हसता हसता ठसका लागला. "कोंबडीसाठी कोंबडा! उद्या मी आजारी पडलो तर कोणाला कापशील गो?" मग माझा चेहरा बघून म्हणाले, "बाजारातून आणू एखादा." तेवढ्यात शेजारच्या मालनबाई त्यांच्या ओट्यावरून — "विकतचा कसा चालेल? घरात कोंबडा असताना!"

रीतीप्रमाणे शिपाईला वेगळा काढला. पायाला दोरी, न्हाणीच्या दाराशी खुंटाला बांधला. देवीचा झाला आता, हडकुळा कसा न्यायचा? तांबडी भिजवलेली बाजरी दोन दाणे टिपते आणि तोंड फिरवते. चांगलं अन्न टाकवत नाही. वाटी त्याच्यापुढे सरकवते. अधाशी मेला — रिकामी वाटीसुद्धा चोचीने वाजवत बसतो!

गुरुवार, ६ नोव्हेंबर

तशीच. थेंब थेंब पाणी पाजलं. अंग तापलेलं. दर तासाला हनुवटीखाली बोट धरून बघते — मान सरळ आहे. सरळ आहे ना?

शनिवार, ८ नोव्हेंबर

उभी राहिली! स्वतःच्या पायांनी वाटीपर्यंत आली. मी तिथेच फरशीवर बसून रडले.

देवीने ऐकलं. म्हणजे आता पाळी माझी. शिपाई दाराशी मान ताठ करून आरवत होता. त्याच्याकडे बघवेना.

रविवार, ९ नोव्हेंबर

मालनबाईंनी हटकलंच — "मंगळवारी ना, रखमा?" मंगळवार देवीचा. म्हटलं, "अहो, अजून अंडं कुठे दिलंय तिने?" खोटं नव्हे. अंडं दिलं म्हणजे खरी बरी. पण दहा वेळा टोपलीखाली हात घालते आणि काही लागलं नाही की बरं वाटतं! देवीला चकवतेय का मी? आई, रागावू नकोस.

सोमवार, १० नोव्हेंबर

अंडं. लहानसं, कवच मऊ, पण अंडं. तळहातावर गरम गरम. हसू की रडू?

उद्या मंगळवार. शिपाईला गूळ-भात कालवून दिला. शिवला नाही. आज दिवसभर आरवलाही नाही, पंख पाडून बसलाय. कळतं हो मुक्या जिवाला. ह्यांनाही जेवण गेलं नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दोरी सोडायला गेले. शिपाईची मान पिळवटलेली, चोच आभाळाकडे. समोर वाटी. तांबडीची वाटी. मीच रोज सरकवलेली.

आजारी कोंबडा देवीपुढे नेत नाहीत.

प्रीतीला लिहिलं — "मान वाकडी झाली गं. तांबडीची नाही. वाचलंस की लगेच उत्तर लिही गो बाय. काहीही लिही, पण लिही."