पोपट

३ नोव्हेंबर, सोमवार
मुखेडच्या शाळेत एकोणीस वर्षं चित्रकला शिकवली. माठ, केळी, डोंगरामागचा सूर्य. बास झालं. आठवडाभर रजा टाकलीय. आजपासून मी लीडरशिप ट्रेनर. पद्धत स्वतःची: चित्र आणि रूपक. भाषण नाही. लातूरच्या महादेवप्पांनी त्यांच्या डाळमिलमध्ये शुक्रवारी दोन तास दिलेत. जमलं तर वर्षभर, दर महिन्याला. जमणारच.

५ नोव्हेंबर
सकाळी बायकोला राजीनाम्याचं सांगितलं. सिंधु म्हणाली, शुक्रवार तर पार पडू द्या, घर तुमच्या पगारावर चालून राहिलंय. तिला व्हिजन नाही.

दुपारी दिला. लिहून नाही. लोकांना रूपक शिकवायचं आणि स्वतः 'विनंती अर्ज करतो की' लिहायचं, हे मला शोभत नाही. ड्रॉइंगशीटवर उघडा पिंजरा, उडालेला पोपट, खाली सही. मुख्याध्यापक जागेवर नव्हते. टेबलावर ठेवून आलो.

सिंधु म्हणाली, राजीनामा कुणी चितरून देतं का हो. मग किराण्याची वही काढून बेरीज करत बसली. भारावली असावी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
कार्यशाळा. अकरा जण. मी फळ्यावर मान डोलवणारा नंदीबैल काढला. विचारलं, तुमच्यात असं कोण कोण आहे? अपेक्षा ही, की मालकाच्या हो ला हो करणारे शरमतील, मग मोकळे होतील, मग क्रिएटिव्हिटी.

अकरा हात वर.

घरोघर महादेव पुजणारी माणसं. त्यांना नंदीबैल दिसलाच नाही, देवळातला नंदी दिसला. मुनीम संगमेश्वरनं तर चप्पल काढली. डाळ निवडणाऱ्या सरजाबाई म्हणाल्या, मालकाचं नावच महादेव, मग आम्ही नंदीच की गुरुजी. मी रूपक फोडून सांगितलं: मालकाला नाही म्हणायला शिका. संगमेश्वरनं मालकाकडं बघून विचारलं, म्हणू का? महादेवप्पा म्हणाले, नको. तो बरं म्हणाला. उरलेला वेळ चहा.

शेवटी महादेवप्पा म्हणाले, गुरुजी, ही माणसं आजवर एका मताची कधी झाली न्हाईत, तुम्ही केली. आता पुन्हा यायची गरज न्हाई. एवढा नंदी गेटवर ऑइलपेंटमध्ये काढून द्या.

निष्कर्ष: ग्रुप अजून तयार नव्हता.

९ नोव्हेंबर, रविवार
गेटवर. ही पब्लिक आर्ट आहे, येणारे-जाणारे हजारो लोक नकळत शिकतील. संगमेश्वर शिडी धरून म्हणाला, घंटा लहान वाटून राहिली. मोठी केली. म्हणाला, शिंगं खाली घ्या. घेतली. हा माणूस नेतृत्व उचलतोय. माझाच परिणाम.

१० नोव्हेंबर, सोमवार
शाळेत गेलो. राजीनामा परत मागायला नव्हे. मुख्याध्यापक किती खचलेत ते बघायला. माफीची वाक्यं बसमध्ये सहज सुचली म्हणून पाठ केली.

फाटकातच दिसलं. नोटीस बोर्डावर माझा राजीनामा, चार टाचण्या मारून. वर खडूनं 'पक्षी सप्ताह'.

मुख्याध्यापक बाहेर आले. म्हणाले, शेषेराव, रजेवर असून टायमावर चित्र दिलंत, पोपट लई भारी झालाय. केंद्रप्रमुख तपासणीला येऊन राहिलेत, सहीच्या खाली तेवढं 'कलाशिक्षक' लिहा, आणि तिसरा तास सहावी ब वर जा.

पेन त्यांचंच होतं. लिहिलं. अक्षर बरं आलं.