चिकटपट्टी लावलेला कॅमेरा

४ नोव्हें.
दिवसभर पासपोर्ट फोटो. वर घर, खाली स्टुडिओ, जिना आतूनच. चार दिवस झाले, पारोळ्याचा रस्ता काचेतूनच बघतेय. आबा सासरे असले तरी दुकानात मालकच. कॅमेऱ्याच्या चकत्यांवर त्यांनी चिकटपट्टी लावलीय. शटर १२५, अपर्चर ८, आयएसओ १००. "बठ्ठं बराबर शे. तू फक्त बटन दाब."

७ नोव्हें.
आबा फोटोचा पेपर आणायला धुळ्याला. पट्टी सोडवली, फ्लॅश बंद केला. त्याच आकड्यांवर सासूबाईंचा फोटो काढला: नुसता काळोख. शटर १५ वर आणलं. उजेड आला, पण मेथी निवडणारे हात धुरासारखे. अपर्चर उघडलं तर डोळा लख्ख, कान विरघळलेला. आयएसओ वाढवला, गालावर रवा सांडल्यासारखे दाणे. एक धरावं तर दुसरं सुटतं. तरी मजा येतेय.
सासूबाई म्हणाल्या, "आटप, येतील ते." पट्टी होती तशी लावली.

१५ नोव्हें.
एरंडोलच्या शमीमआपा आल्या. मुलीचं लग्न. "लेडीजमध्ये जेंट्स नको, भाभी. तुम्हीच या." आबा गिऱ्हाईक थोडंच सोडणार! "जाय. पन ऑटोवरच काढजो." वि. सोबत येणार. नवरा म्हणून की राखणीला, विचारलं नाही.

२३ नोव्हें.
एरंडोल. वि. मंडपाबाहेर. आत बायकाच बायका, निम्म्या काळ्या बुरख्यात. ऑटोवर काळं दिसलं की कॅमेरा उजेड वाढवतो. चेहरे पिठासारखे पांढरे. नवरीच्या आजीने स्क्रीन पाहिली. "ये मैं हूँ?"
चकती एमवर, म्हणजे मॅन्युअलवर फिरवली. शटर जलद केलं, बुरखा काळा राहू दिला. आजींच्या सुरकुत्या परत आल्या. हसल्या.
मग दोन तास कोणालाच काही विचारलं नाही. नवरी एकदम धावत जाऊन आईच्या गळ्यात पडली. शटर जलद होतं म्हणून फोटो वाचला.

२५ नोव्हें.
आबांनी कॉम्प्युटरवर सगळं पाहिलं. "ऑटो काबरं सोडं?" आजींचे दोन्ही फोटो शेजारी लावून दाखवले. अल्बमसाठी त्यांनी एमवर काढलेलाच निवडला.
नि कॅमेरा कपाटात, किल्ली त्यांच्या खिशात. पासपोर्टला जुना कॅमेरा. त्यालाही पट्टी.
वि.ला म्हटलं, तू तरी बोल. "थोडे दिवस जाऊ दे." तीन वर्षं थोडेच दिवस जाताहेत.

२ डिसें.
शमीमआपांचा फोन, दुकानाच्या नंबरवर. मीच उचलला, नशीब. जळगावला त्यांच्या बहिणीकडे लग्न, तीन दिवस. कॅमेरा त्या भाड्याने घेतील. "अकेली आओगी ना, भाभी?"
समोरच आबा फोटो कापत बसलेले. "विचारून सांगते" म्हटलं, फोन ठेवला.
"कोना फोन व्हता?"
"शमीमआपांचा. अल्बम आवडला म्हणे."
तारीख एका पाकिटामागे लिहून घेतलीय. संध्याकाळ झाली. अजून कोणालाच विचारलेलं नाही.