रिकाम्या बरण्या

सोमवार, ४ सप्टेंबर

लहानपणी मी आणि धाकटी एक खेळ खेळायचो. कॉन्व्हेंटमध्ये भूगोलाच्या मदरनी मला एक मोठा नकाशासंग्रह बक्षीस दिला होता. मी त्याच्या शेवटच्या पानांवरच्या सूचीतून एखादं अडनिडं गाव वाचायचे, पान आणि चौकोन सांगायचे, आणि धाकटी पालथी पडून, जीभ ओठांत धरून, बोट फिरवत ते गाव शोधायची. सापडलं की घर डोक्यावर घ्यायची. एकदा कंटाळून तिने मला विचारलं होतं की ताई, ही सूची नुसता पत्ता काय सांगते, गावच का नाही देत बाहेर काढून? पानं उलटायला नकोत. आम्ही पोट धरून हसलो होतो. फरशीवर संध्याकाळचं ऊन होतं आणि आई आतून दूध निवतंय म्हणून हाका मारत होती.

आज हे आठवायचं कारण म्हणजे तो नकाशासंग्रह धाकटीच्या कपाटावर अजून आहे. धूळ झटकून तिने तो माझ्या खोलीत आणून ठेवला. आजपासून मी तिच्याकडे राहायला आले. तिचे यजमान गेल्यापासून ती शाळांचे गणवेश शिवून घर चालवते. दिवसभर तिची कात्री कापडात कचकच चालते, आणि मला तो आवाज फार बरा वाटतो. भाची नर्सिंग शिकते. तिने आल्या आल्या माझी टर उडवली. मावशी आयुष्यभर पुस्तकं लावत बसली, आता म्हणे माणसं लावणार.

तसं खरंच आहे. इथल्या जुन्या रुग्णालयाच्या तळघरात नमुन्यांचं कोठार आहे. शस्त्रक्रियेत काढलेले अवयव, गाठी आणि खडे विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी बरण्यांत ठेवलेत. त्यांच्या नोंदी संगणकात आहेत आणि त्या नव्या संगणकावर न्यायच्या आहेत, म्हणून माझ्यासारखी निवृत्त ग्रंथपाल त्यांना हवी होती. बरण्यांतलं औषध बदलणारे एक काका तिथे आहेत. पोट घट्ट आहे ना बाई, असं त्यांनी पहिल्याच दमात विचारलं. माझ्या आधीच्या बाई रजेवर गेल्या त्या गेल्याच म्हणे. मी सांगितलं की मी वसतिगृहाचं जेवण जेवून मोठी झालेय.

बुधवार, ६ सप्टेंबर

काम मला आवडलं. कॉम्प्युटरवाला, एक जाडा, घामट, हसरा गृहस्थ, तोंडात बिस्किट ठेवून सगळं समजावत होता. संगणकातली सूचीही नकाशासंग्रहातल्यासारखीच असते. हजारो नोंदी धुंडाळायला नकोत म्हणून ती नेमकी जागा दाखवते. अशा कितीतरी सूच्या इथे कोणी कोणी करून ठेवल्यात. त्यातल्या कोणत्या ठेवायच्या हे ठरवायला प्रत्येकीला तिचे गुण विचारायचे. नोकरीची मुलाखतच समजा, फक्त पगाराचं बोलायचं नाही, असं म्हणून तो स्वतःच हसला आणि बिस्किटाचा भुगा माझ्या बाहीवर उडाला.

प्रश्न असे. तू ओळीने लावतेस का? शेवटाकडून उलटी वाचतेस का? जिथे काही लिहिलेलंच नाही अशा रिकाम्या जागा शोधतेस का? जवळचं आधी, लांबचं नंतर, असं लावता येतं का? एका जागी दोन नावं चालतात का? आणि शेवटचा, मूळ नोंद न उघडता तू स्वतःच ती परत देतेस का?

उत्तर येतं हो किंवा नाही. कधी काहीच येत नाही, तेव्हा प्रश्न तिला लागू नाही किंवा तिलाच ठाऊक नाही असं समजायचं. शेवटच्या प्रश्नाला नाही असेल तर सूची लगेच चालू करायची. बाकी काही आलं तर आधी त्याला दाखवायचं.

दुपारी काकांनी कोठार दाखवलं. पिवळट पाण्यात फिकट, फुगलेले तुकडे, तोंडं मेणाने बंद. वास नाकात बसतो तो घरी जाईपर्यंत जात नाही. टोकाच्या फळीवर मात्र ओळीने रिकाम्या बरण्या होत्या, पाणी भरलेल्या, मेण लावलेल्या. आधीच्या बाईंनी भरून ठेवल्यात, म्हणे, पुढची सोय.

शुक्रवार, ८ सप्टेंबर

आज एक बिननावाची सूची सापडली. आधीच्या बाईंनी केलेली. बरणी, अवयव आणि माणूस, तिन्ही एकत्र जोडणारी. बाकी प्रश्नांना तिने पटापट हो किंवा नाही म्हटलं. शेवटच्या प्रश्नाला मात्र काहीच उत्तर नाही, चौकोन पांढराच्या पांढरा.

मी तिथे ‘नाही’ लिहिलं. हाताची सवय. रिकामी जागा म्हणजे न आलेलं उत्तर, आणि न आलेलं उत्तर म्हणजे भोपळा, हे मदरनी आमच्या हाडात भिनवलं होतं. जागा कोरी ठेवलेला कागद माझ्याकडून पुढे जातच नाही. सूची चालू केली आणि शोध असा झरझर चालायला लागला की कॉम्प्युटरवाल्याने मला खुर्चीतून उठून नमस्कार केला.

धाकटीने रात्री केक आणला. फार दिवसांनी तिघी हसत जेवलो.

सोमवार, ११ सप्टेंबर

वर्गासाठी पित्ताशयाची बरणी हवी होती. मी शोध दिला, काका आणायला गेले. पेन्सिल घ्यायला खण उघडला तर बोटं कशात तरी बुडाली. थंड, बुळबुळीत. राखाडी-हिरवी पिशवी होती, पाण्यात राहिलेल्या उकडलेल्या अंड्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी सुरकुतलेली. माझा खोडरबर तिच्यात रुतला होता. ओढला तसा चुप् असा आवाज झाला.

काका बरणी घेऊन आले. मेण शाबूत. आत गढूळ पाणी आणि चिठ्ठी लावलेला दोरा, टोकाला काही नाही.

पोरांचा चावटपणा, दुसरं काय, असं म्हणत त्यांनी तो गोळा चमच्याने उचलून बरणीत परत टाकला. मग चमचा नळाखाली धरला आणि त्याच चमच्याने चहा ढवळला. मी बेसिनपर्यंत पोचले, एवढंच.

मंगळवार, १२ सप्टेंबर

कोणीतरी ‘केसांची गाठ’ मागितली. अशी गाठ बाईच्या पोटात वाढते, तिच्यात केस असतात आणि दातही. मी शोध दिला. समोरचा चहा उचलला. घोटाबरोबर जिभेवर केस आला. बोटाने काढायला गेले तर तो संपेना, येतच राहिला, तेलकट, लांब. घशाशी ओढ बसली. कपाच्या तळाशी एक पिवळट लोळा हलत होता आणि त्यातून एक दाढ वर आली होती. किडलेली.

कप तसाच ठेवून मी सूचीला पुन्हा शेवटचा प्रश्न विचारला. आता चौकोन कोरा नव्हता. हो.

कॉम्प्युटरवाला हसला. परत देते म्हणजे नोंद परत देते, बाई, वस्तू नव्हे. मी त्याला कप दाखवला. बिस्किट त्याच्या हातात तसंच राहिलं.

घरी धाकटीने अंडी उकडली होती. मी ताट सरकवलं. तिने माझे केस कुरवाळले आणि मी शहारले, तिच्या हाताने नव्हे, केसांनी.

गुरुवार, १४ सप्टेंबर

सूची काढून टाकायचा हुकूम कॉम्प्युटरवाल्याने तीनतीनदा दिला. दर वेळी एकच उत्तर, वापरात आहे, काढता येत नाही. कोण वापरतंय, विचारलं. माझं नाव आलं. मी हातसुद्धा लावला नव्हता.

ती रिकाम्या जागा शोधते आणि उलटीही वाचते, हे मला आठवलं. म्हणून रिकाम्या बरण्यांचा शोध दिला. बरणी, तीत यायचा अवयव, आणि माणूस. जवळचं आधी, लांबचं नंतर.

पहिल्या ओळीत काका. डावा कान.

काका तेव्हा माझ्या मागेच उभे होते. माझा कान मलाच पुरत नाही, बायको म्हणते मला ऐकूच येत नाही, असं म्हणून हसले. हसता हसता गालावर हात फिरवला. हात खाली आणला तर तळव्यात कान होता. रक्त नाही. कडा पांढऱ्या, भिजून फुगलेल्या, जुन्या बँडेजखालच्या कातडीसारख्या. तळव्यावरून तो विरघळल्यासारखा नाहीसा झाला. टोकाच्या फळीवरच्या पहिल्या बरणीत बुडबुडे आले. मी बरणीला हात लावला. कोमट होती.

काकांना वर वॉर्डात नेलं. कॉम्प्युटरवाला पळाला तो आलाच नाही.

दुसरी ओळ वाचायला मी परत गेले. जायला नको होतं.

दुसऱ्या बरणीपासून पुढे ओळीने सगळीकडे एकच नाव होतं. धाकटीचं. उजवा हात. जीभ. दोन्ही डोळे. पुढचं लिहवत नाही.

जवळचं म्हणजे माझ्यापासून जवळचं. मी विचारणारी. माझं नाव त्यात कुठेच नाही. विचारणाऱ्याचं अंतर ती धरत नसावी.

शुक्रवार, १५ सप्टेंबर

सकाळी धाकटीच्या हातून कात्री पडली. मुंग्या येतायत म्हणाली. मी हात हातात घेतला. बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली, रात्रभर पाण्यात ठेवल्यासारखी. वास घेतला. तोच. तळघराचा.

भाचीने मलम लावलं. मलम लावताना कातडी सरकली.

अर्धे शर्ट बाह्यांविना पडलेत. हात गेला तर पोटाला काय, असं धाकटी हसत हसत म्हणाली. तिला माहीत नाही. मी हे घर सोडून जाऊ का? पण ओळी लिहिल्या गेल्यात. मी कुठेही गेले तरी बरण्या भरायच्या आहेत.

सोमवार, १८ सप्टेंबर

तळघर. सकाळची वेळ. एकटी.

धाकटीचं नाव पुसलं. जागा रिकामी झाली. रिकामी झाली तशी सूचीने शोधली, आणि नाव पुन्हा तिथेच. तीनदा पुसलं. तीनदा आलं.

मग तो प्रश्न विचारला. एका जागी दोन नावं चालतात का?

नाही.

उत्तर स्वच्छ आहे. कोरं नाही. मी नीट पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं.

म्हणजे पुसल्याबरोबर, तिने शोधायच्या आत, दुसरं नाव भरायचं. भरलेल्या जागेत धाकटी येऊ शकत नाही. दुसऱ्या कोणाचं नाव लिहू? काकांचं? भाचीचं? छे.

सगळ्या बरण्यांपुढे माझं नाव लिहिलं. एकही जागा सोडली नाही. मदर खूश झाल्या असत्या.

मंगळवार, १९ सप्टेंबर

रात्री घरी गेले नाही, तळघरातच आहे. धाकटीचा फोन आला. हात बरा आहे. बाह्या लावल्या म्हणे. मागे कात्री वाजत होती. कचकच. मी फोन कानाशी धरून नुसती ऐकत बसले.

मनगटाभोवती रेघ आली आहे. दोरा बांधल्यासारखी. रेघेपुढचं सगळं पांढरं. पेन धरलंय तिथे कातडी मागे सरकते आणि पेनला चिकटून राहते. नखाखालून पिवळं पाणी. कागद ओला होतोय —

दुसऱ्या बरणीत बुडबुडे.

लवकर लिहिते.

नकाशासंग्रह धाकटीला. बक्षीस माझं, पण तो तिचाच होता. खेळात नेहमी तीच जिंकायची.

लोकरीची शाल आणि घड्याळ भाचीला. तिने हसावं. मावशीची टर उडवावी.

पुस्तकं काकांना. वाचायला कान लागत नाहीत, असं तेच म्हणतील.

माझा कप कोणालाच नाही. फोडा.

कॉम्प्युटरवाल्याला निरोप — कोरं म्हणजे नाही नव्हे.

बरण्या धाकटीला दाखवू नका. हात ओळखेल ती. शाईचा डाग आहे बोटावर, तो —

आणि सूचीला माझं नाव विचारू नका. कोणीही. धाकटीला बजावून सांगा, तिला शोधायची सवय आहे. म्हणावं, ताईला शोधू नकोस, बाळ. शोधलंस तर ती मला पर