गादीवरचं पागोटं

म्हशीसाठी सरकी भिजत घालायला पोतं ओढलं, तेव्हा त्यावरचा छाप नजरेस पडला. अंगण झाडून झालं होतं, चुलीवर पाणी तापत होतं. रोजच्यासारखी सकाळ. छाप आमच्या जिन कारखान्याचा नव्हता, लांबच्या दुसऱ्याच गावच्या जिनचा होता. मला अक्षरं येतात ती अशा छापांवरूनच. मालक गठाणींवर कोरलेले पत्रे ठेवून छाप मारायचे आणि मी शेजारी बसून त्यावर बोट फिरवायची.

मी भिवराबाई, भ्रतार मयत सुंदरराव नवले, उमर साठीच्या आसपास, राहणार मौजे नेकनूर, जिल्हा बीड. शुद्धीवर आहे, कोणाचा दाब नाही. माझ्यामागे काय व्हावं ते लिहून ठेवते. पोत्याचं आधी लिहिलं, कारण बाकीचं त्याच्यामुळंच लिहावं लागतं आहे.

मालकांनी गावाकडून भागाचे पैसे घेऊन कापसातली सरकी काढायची जिन कंपनी उभी केली. ते वारल्यावर त्यांच्या गादीवर बसायला कोणी धजेना. म्हणून सभेत गादीवर त्यांचं पागोटं ठेवू लागले. दर सभेआधी मी ते धुऊन, खळ देऊन, घागरीवर बांधून द्यायची. मला त्याचा मोठा अभिमान होता. कारभार माझे दीर आप्पाराव बघायचे. कापूस गावच्या वखारीत पडायचा. जिन गावाबाहेर, लांब. तिथं जाऊन डोकावणं म्हणजे मालकांवर अविश्वास, असं सगळे धरून चालायचे. मीही.

त्याच सकाळी रतनबाई आली. कापूस वेचून पोट भरते, तिचा कंपनीत एक भाग आहे.

"काकी, पागोटं वाळलं का? उद्या सभा हाय."

"वाळतंय."

"आपला मालक लई गुणाचा. बोलत न्हाई, खात न्हाई, शिव्या देत न्हाई. असा धनी जित्यापणी कुणाला मिळतो?" ती हसली. मग पदराआडून हातातली पाटली दाखवली. "नवे भाग काढतेत म्हणं. ही मोडते. तुमी पागोटं देता, म्हंजी समदं बरं चाललं आसंल."

ती गेल्यावर आप्पारावांना बोलावून पोतं दाखवलं.

"बॉयलरला चीर गेलीय, वहिनी," ते म्हणाले. "दादा होते तवाच गेलती. कुणाला कळू देऊ नको म्हणले. जिन बंद हाय. कापूस बाहेर नेऊन सरकी काढून आणतो."

"अन् मी पागोटं देत होते, ते?"

"ते गादीवर हाय तवर कुणी इचारत न्हाई. म्हणून तर मागतो."

नवऱ्यासाठी मी अजून रडते. त्या दिवशी त्यांची लाज वाटली, आणि माझी त्याहून जास्त.

राहतं घर आप्पारावांना द्यावं. सख्खा दीर आहे, उघड्यावर पडू नये. पण मी त्यांच्याशी बोलत नाही, आणि माझ्या मर्तिकात त्यांनी पुढं होऊ नये. अग्नी आमचा सालगडी सटवा यानं द्यावा.

मळ्याचं रान माझ्या वडिलांनी मला दिलेलं आहे. ते विकावं आणि पागोटं गादीवर आल्यानंतर ज्यांनी भाग घेतले त्यांच्यात पैसा वाटावा. आधीच्यांनी मालकांना पाहून भाग घेतले. नंतरच्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला. वाटप सभेनं करावं, एकट्यादुकट्यानं नाही.

म्हैस सटव्याला. मारकी आहे, पण त्याला ओळखते.

छापाचे पत्रे रतनबाईच्या नातीला द्यावेत. पोरीनं अक्षरं शिकावीत, आणि शिकल्यावर वाचत जावं. मला वाचता येत होतं, पण मी वाचायला गेले नाही.

पागोटं माझ्या चितेवर ठेवू नये. देवघरातही नको. फाडून बाळंतिणींना मऊ धडुती द्यावीत.

कोणी म्हणेल, बाईमाणसाला काय कळणार होतं. तसं म्हणून मला सोडवू नये.

पोत्यावरचा छाप दिसला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पागोटं दिलं नाही. स्वतः सभेला गेले आणि बॉयलर बंद आहे हे सगळ्यांना सांगितलं.

भिवराबाई, हे माझ्याच हातचं

साक्ष: धोंडीराम सुतार, सही
साक्ष: रतनबाई, डाव्या अंगठ्याची निशाणी

मुक्काम नेकनूर, फाल्गुन वद्य पंचमी, शके १८४९, सन १३३७ फसली